बॉस, गाडीचा श्वास कोंडतोय!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसमधून जेमतेम सव्वासहाला सुटका, हिंजवडीचा ट्रॅफिक, मग कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल. बाहेर जुलैचा पाऊस, आत किशोरकुमार. सोमवारी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात. त्यांना आणायला मी साताऱ्याला निघालेले. प्लॅन एकदम सेट होता. रात्री आईच्या हातचं जेवण, शनिवारी लोळायचं, रविवारी आई-बाबांना घेऊन परत.

खंबाटकी घाट चढायला लागले आणि गाडीने मान टाकली.

बंद नाही पडली. बंद पडली असती तर निदान कळलं असतं. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी गाडी आपली बैलगाडीच्या चालीने. टॅकोमीटरचा काटा एका ठरावीक आकड्याच्या वर जायलाच तयार नाही. मागे कंटेनर, त्याच्या मागे लक्झरी, आणि सगळे मिळून हॉर्नवर. समोर डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे. एक इंजिनच्या चित्राचा. दुसरा ठिपके-ठिपके असलेल्या डब्याचा.

आता प्रामाणिकपणे सांगते. त्यातला ठिपक्यांचा दिवा मला नवीन नव्हता. तो गेले तीन आठवडे अधूनमधून दर्शन देत होता. मी काय केलं? तेच, जे आपण ऑफिसच्या पोर्टलवरच्या रिमाइंडरचं करतो. बघितलं, आणि सोडून दिलं.

ही काय नवी भानगड?

ज्यांच्याकडे पेट्रोल गाडी आहे त्यांनी कॉफी घेऊन यावी, तोवर बाकीच्यांशी बोलते. तुमची डिझेल गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस ६ असेल, तर तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा बसवलेला असतो. त्याचं नाव डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. पूर्वी डिझेल गाडीच्या मागे बाईकवर उभं राहिलं की सिग्नल सुटताना तोंडावर जो काळा ढग यायचा, तो आता या डब्यात अडतो.

आत काय असतं? सिरॅमिकचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं. गंमत अशी, की त्यातल्या नळ्या एक सोडून एक अशा आलटूनपालटून बंद केलेल्या असतात. धूर एका नळीत शिरतो, पुढे रस्ता बंद. मग त्याला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून पलीकडच्या नळीत जावं लागतं. हवा जाते, काजळी भिंतीवर अडकते. चहाच्या गाळण्याचाच फंडा, फक्त फार बारीक.

हे लाड कशासाठी? बीएस ४ च्या डिझेल कारला एका किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती. बीएस ६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. एवढी कपात नुसतं इंजिन सुधारून होत नाही, गाळणं लागतंच. युरोपात हे गाळणं फार आधी आलं. २००० साली पूझो ६०७ या गाडीत कंपनीनेच ते बसवून दिलं होतं. आपण बीएस ५ ला टांग मारून थेट सहाव्या पायरीवर उडी मारली, त्यामुळे बऱ्याच जणांना हा डबा एकदम नवा वाटतो. मलाही वाटला. मी तर सेकंडहँड गाडी घेताना म्युझिक सिस्टिम चार वेळा तपासली आणि डीपीएफबद्दल एकदाही विचारलं नाही.

आता गाळणं म्हटलं की ते भरणार. चहाचं गाळणं आपण सिंकमध्ये आपटतो. इथे गाडी काजळी जाळून टाकते. हायवेवर इंजिनवर जोर असला की धूर मुळातच तापलेला असतो, काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. तेवढ्याने भागलं नाही की गाडीचा काँप्युटर, म्हणजे ईसीयू, मुद्दाम थोडं जास्तीचं डिझेल सोडून फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि सगळी काजळी पेटवून देतो. याला म्हणायचं रिजनरेशन. काम साधारण पंधरा-वीस मिनिटांचं. तुम्हाला पत्ताही लागत नाही. फार तर आयडलिंग जरा वाढतं, ॲव्हरेज पडतं, गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहतो, जरासा जळका वास येतो.

आणि इथेच आपला शहरी लोच्या होतो. घर ते ऑफिस सहा किलोमीटर. त्यात अकरा सिग्नल. इंजिन धड तापेपर्यंत पार्किंग येतं. रिजनरेशन सुरू झालेलं असतं, आपण चावी काढतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. एकीकडे काजळी साठतेय, दुसरीकडे ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑईलमध्ये उतरतंय. हायवेसाठी बनवलेली गाडी आपण रिक्षासारखी वापरतो, त्याचा हा हिशेब.

लाखाची गोष्ट

त्या रात्री चाळीसच्या स्पीडने, इंडिकेटर लावून, डाव्या लेनने मी साताऱ्याला पोचले. जेवण गार झालं होतं. आई जागी होती, बाबा झोपल्याचं नाटक करत होते.

शनिवारी सकाळी नऊला सर्व्हिस सेंटर. एसी वेटिंग रूम, मशीनची कॉफी, गुळगुळीत ॲडव्हायझर. गाडीला स्कॅनर लावला, एक प्रिंटआऊट निघालं. ॲडव्हायझर म्हणाला, "मॅडम, डीपीएफ चोक झालाय. बदलावा लागेल."

"किती?"

"पार्ट, लेबर, टॅक्स सगळं धरून एक लाख अठरा हजार."

मी कॉफी खाली ठेवली. गाडीचा हप्ता साडेअकरा हजार. बाबांच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेले पैसे वेगळे. एक लाख अठरा हजार म्हणजे माझा दहा महिन्यांचा हप्ता, एका डब्यासाठी. बरं, गाडी धावलेली फक्त ३८ हजार किलोमीटर.

"साफ नाही होणार?"

"साफ करून गॅरंटी नाही मॅडम. परत येईल प्रॉब्लेम."

हे वाक्य लक्षात ठेवा. 'परत येईल प्रॉब्लेम.' तो बरोबर होता. फक्त का बरोबर होता, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी एस्टिमेटवर सही केली नाही. प्रिंटआऊट मागून घेतलं, स्कॅनिंगचे पैसे भरले आणि गाडी रांगवत घरी आणली. बाबा ओट्यावर बसलेले, शेजारी त्यांचे मित्र. हे काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. आयुष्य गेलं लाल डब्यांची इंजिनं उघडण्यात. मला लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे माझा चेहरा बघून त्यांनी आधी विचारलं, "काय गं, कुणी फसवलं?"

मी सगळं सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, "फिल्टर भरला, हा रोग नाही पोरी. ते लक्षण आहे. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलतेस का? चल, माझ्या पुतण्याच्या गॅरेजला जाऊ. त्याच्याकडे तो स्कॅनर का काय तो आहे."

मग पुढचे दोन तास मी जे बघितलं, ते तुमच्यासाठी जसंच्या तसं. कारण एमबीएला लाखभर रुपये फी भरून जे 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' शिकवतात ना, ते काकांनी मला एका चहावर शिकवलं.

काकांचे सहा प्रश्न

पहिला प्रश्न : दिवा आल्यावर गाडी पळवली होतीस का?

हो. ऑफिसमधल्या एका हुशार मित्राने सल्ला दिला होता, 'एक्सप्रेसवेवर ताण, आपोआप जाईल.' मी दोन रविवार लोणावळ्याला जाऊन आले. भजी झाली, फोटो झाले, दिवा तसाच.

काकांनी मान डोलावली. म्हणाले, "ही मोठी खूण आहे." कारण बघा, फक्त सिग्नल आणि छोट्या फेऱ्यांमुळे फिल्टर भरला असता, तर साठ-सत्तरच्या वर, गिअर जरा खालचा ठेवून, दोन हजार आरपीएमच्या पुढे वीसेक मिनिटं सलग चालवल्यावर गाडीने स्वतःच काजळी जाळायला हवी होती. दोन-दोनदा चांगला रस्ता मिळूनही जाळली नाही, म्हणजे जाळण्याच्या कामातच कुठेतरी अडथळा आहे.

दुसरा प्रश्न : ऑईल किती आहे?

पुतण्यादादाने डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. ऑईल दोन खुणांच्या मधोमध. एकदम व्यवस्थित.

यात काय विशेष? तर रिजनरेशन पुन्हापुन्हा सुरू होऊन अर्धवट तुटत असेल, तर मगाशी सांगितलं तसं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि लेव्हल चक्क वाढते. ऑईल वरच्या खुणेच्या पुढे गेलं, डिझेलचा वास यायला लागला, तर गाडी तशीच दामटू नका. पातळ झालेलं ऑईल इंजिन खातं. माझ्या गाडीचं ऑईल वाढलंच नव्हतं. "म्हणजे बहुतेक गाडीने जाळायचा प्रयत्नसुद्धा केलेला नाही," काका म्हणाले. पुरावा नव्हे, पण खूण.

तिसरा प्रश्न : फिल्टर भरलाय असं म्हणतंय कोण?

हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. दिवा म्हणतोय. दिव्याला कोण सांगतं? ईसीयू. ईसीयूला कोण सांगतं? एक छोटासा सेन्सर. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन ठिकाणांहून बारीक नळ्या या सेन्सरकडे येतात. आधीचा दाब आणि नंतरचा दाब यातला फरक तो मोजतो. फरक जितका जास्त, तितका फिल्टर भरलेला. शिवाय किती किलोमीटर झाले, कशी चालवली, यावरून ईसीयू स्वतःचाही हिशेब मांडत असतो.

आता त्या नळीला चीर गेली, ती वितळली, तिच्यात पाणी साचलं किंवा सेन्सरच बिघडला, तर? बिचारा फिल्टर निर्दोष आणि फाशी त्याला. म्हणून आधी साक्षीदार तपासायचा. चावी ऑन, इंजिन बंद. धूर वाहत नाहीये, म्हणजे फरक शून्य दिसायला हवा. माझ्या गाडीत शून्यच दिसला. नळ्या हाताने चाचपून बघितल्या, धड होत्या. साक्षीदार खरं बोलतोय.

मग इंजिन सुरू. चांगल्या फिल्टरचा फरक आयडलिंगला साधारण १ किलोपास्कलच्या आत असतो. आकडे गाडीगणिक बदलतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. माझ्या गाडीत आयडलिंगलाच ३ च्या वर. अडीच हजार आरपीएमला रेस केलं तर १४. म्हणजे फिल्टर खरंच तुंबला होता. सर्व्हिस सेंटरवाला खोटं बोलत नव्हता. तो अर्ध्यावर थांबला होता.

चौथा प्रश्न : काजळी की राख?

हा फरक कळला की तुमचे निम्मे पैसे वाचले. काजळी जळते. राख जळत नाही. इंजिन ऑईलमधली जी ॲडिटिव्ह असतात, ती थोडी थोडी जळून त्यांची राख फिल्टरमध्ये कायमची बसते. ती काढायला फिल्टर उतरवून साफ करावा लागतो, नाहीतर बदलावा लागतो. पण राखेने फिल्टर भरायला सहसा लाखभर किंवा त्याहून जास्त किलोमीटर जावे लागतात. अपवाद एकच. डीपीएफवाल्या इंजिनात कमी राखेचं ऑईल घालायचं असतं. डब्यावर एसीईए सी २, सी ३ असं काहीतरी लिहिलेलं असतं, मॅन्युअलमध्ये जे सांगितलंय तेच. दोनशे रुपये वाचवायला कुठलंही ऑईल ओतलंत, तर ती राख लवकर साठते.

३८ हजार किलोमीटर, ऑईलची बिलं व्यवस्थित. म्हणजे माझ्या डब्यात होती ती काजळी. जळू शकणारी.

पाचवा प्रश्न : काजळी जास्त तयार होतेय, की जळत नाहीये?

दोनच शक्यता. नळ जास्त वाहतोय, नाहीतर मोरी तुंबलीय. काजळी जास्त होण्याची कारणं फिल्टरच्या आधी असतात. गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, टर्बोच्या पाइपला गेलेली चीर. पूर्वी अशा गाड्या काळा धूर ओकून स्वतःची चुगली करायच्या. आता फिल्टर तो धूर गिळतो, त्यामुळे बाहेरून काही दिसतच नाही. दादाने टर्बोचे पाइप बघितले, कुठे तेलकट डाग नाही, शिट्टी नाही. स्कॅनरवर ईजीआर आणि इंजेक्टरचे आकडे ठीक.

उरली दुसरी शक्यता. जळत का नाहीये? रिजनरेशन सुरू करण्याआधी ईसीयूच्या काही अटी असतात. टाकीत पुरेसं डिझेल हवं. रिझर्व्हवर फिरणाऱ्यांनो, ऐकताय ना? तापमानाचे सेन्सर ठीक हवेत. दुसरा कुठला गंभीर फॉल्ट नको. आणि इंजिन व्यवस्थित तापलेलं हवं. बऱ्याच गाड्यांत कूलंट साधारण ७० अंशांच्या वर गेल्याशिवाय ईसीयू हे काम हातात घेतच नाही.

सहावा प्रश्न : कागदावर दुसरी ओळ काय आहे?

काकांनी चष्मा लावला आणि सर्व्हिस सेंटरचं प्रिंटआऊट उघडलं. पहिली ओळ, पी२४६३. फिल्टरमध्ये काजळी जास्त. हे सगळ्यांनी वाचलं होतं. त्याच्या खाली, त्याच शाईत, त्याच आकारात दुसरी ओळ होती. पी०१२८. इंजिन अपेक्षित तापमानापर्यंत पोचत नाही.

मी तो कागद सकाळपासून पाच वेळा बघितला होता. रकमेच्या पलीकडे नजर गेलीच नव्हती.

दादाने गाडी बाहेर काढली, पंचवीस मिनिटं फिरवून आणली. स्कॅनरवर कूलंट ६४ अंश. एरवी इंजिन कसं ८५-९० ला जाऊन बसायला हवं. कारण सापडलं. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरच्या वाटेवरचा छोटासा दरवाजा. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. तापलं की उघडतो. माझा दरवाजा सताड उघडा राहिला होता. वर पावसाळ्याची गार हवा. इंजिन कधी पूर्ण तापलंच नाही, ईसीयूने रिजनरेशन सुरूच केलं नाही, काजळी साठत गेली आणि खंबाटकीच्या चढाला फिल्टर पुरता तुंबल्यावर गाडीने स्वतःला वाचवायला ताकद कापली. लिंप मोड म्हणतात तो हाच.

आणि कळस ऐका. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा गेले दोन महिने मध्याच्या खाली असायचा. मी तो रोज बघत होते. आणि मनात म्हणत होते, वा! आपली गाडी किती कूल आहे.

बिल किती?

थर्मोस्टॅट मागवावा लागला. रविवारी बाबांना मी एसटीने पुण्याला आणलं. बाबा खूश. म्हणाले, "तुझ्या गाडीपेक्षा हीच बरी, हिला दिवेच नाहीत." सोमवारी ऑपरेशन छान झालं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा साताऱ्यात. नवा थर्मोस्टॅट, नवं कूलंट, इंजिन पुरतं तापलेलं. मग दादाने स्कॅनरवरून फोर्स्ड रिजनरेशन केलं, म्हणजे उभ्या गाडीत मुद्दाम काजळी जाळणं. हे गॅरेजच्या बाहेर, मोकळ्या फरशीवर केलं. सायलेन्सरमधून निघणारी हवा इतकी तापते, की खाली सुकं गवत असेल तर पेट घेईल. आणि हे घरी करायचं काम नाही. काजळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेली असेल, तर ती एकदम पेटून फिल्टरच्या आतल्या सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. म्हणून दादाने आधी काजळीचा आकडा बघितला, तो मर्यादेत होता, मगच बटण दाबलं.

अर्ध्या तासाने आयडलिंगचा फरक ०.६ किलोपास्कल. ऑईल आणि ऑईल फिल्टर त्याच दिवशी बदलून टाकला. सगळं मिळून ९,४०० रुपये.

आता विचार करा. मी त्या दिवशी सही केली असती तर? नवा कोरा डीपीएफ बसला असता, इंजिन तसंच थंड राहिलं असतं आणि काही महिन्यांनी नवा डबाही भरला असता. 'परत येईल प्रॉब्लेम.' आलाच असता, एक लाख अठरा हजार घेऊन.

शॉर्टकटवाले भेटतील

तुम्ही चार जणांना विचाराल, त्यात एक जण नक्की सांगेल, 'काढून टाक तो डबा, सॉफ्टवेअर मारून घे, गाडी पळेल बघ.' नको. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. वॉरंटी आणि इन्शुरन्सचं टेन्शन वेगळंच. आणि सगळ्यात साधी गोष्ट, सिग्नलला तुमच्या मागे बाईकवर जो थांबलाय, त्याच्या तोंडावर तो काळा ढग पुन्हा जाणार. तो कधीकाळी आपणच होतो.

सेकंडहँड डिझेल घेताय? मग गाडी बंद आणि थंड असताना सायलेन्सरच्या टोकात पांढरा रुमाल फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर रुमाल जवळजवळ स्वच्छ निघतो. काळाकुट्ट निघाला तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी काढलाय. मालकाला हसून नमस्कार करा आणि निघा.

आणि एक. डीपीएफ वेगळा आणि डीईएफ वेगळं. काही गाड्यांना निळ्या झाकणातून ते जे पाणी घालतात, ते दुसऱ्या कामाचं, नायट्रोजन ऑक्साइड्ससाठी. ते डिझेलच्या टाकीत ओतून फिल्टर साफ होत नाही. झालीच तर वाट लागते.

फ्रिजवर चिकटवा

* ठिपक्यांच्या डब्याचा दिवा आला, की त्याच आठवड्यात एक मोकळा रस्ता गाठा. टाकीत निदान पाव टाकी डिझेल, वीस-पंचवीस मिनिटं सलग, स्पीड लिमिटमध्ये राहून. दिवा गेला तर उत्तम.
* नाही गेला, तर पुन्हापुन्हा पळवत बसू नका. तपासणी करा.
* दिवा लुकलुकतोय किंवा सोबत इंजिनचाही दिवा आलाय आणि पिकअप गेलाय, तर लाँग ड्राइव्ह विसरा, सरळ मेकॅनिक.
* पंखा घोंघावतोय, आयडलिंग वाढलंय, अशा वेळी जमलं तर दहा मिनिटं जास्त फिरा. चावी काढू नका.
* महिन्यातून दोनदा डिपस्टिक. वाढलेलं ऑईल ही खुशखबर नाही.
* सर्व्हिस सेंटरला तीन प्रश्न : सगळे कोड कोणते? दाबातला फरक किती? इंजिन किती तापतंय? उत्तर कागदावर घ्या आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.
* आणि मुळात रोजचं अंतर सहा किलोमीटर असेल, तर पुढची गाडी डिझेल घ्यावी का, याचा शांत डोक्याने विचार करा. मी करतेय.

तीन आठवड्यांनी बाबांना घेऊन साताऱ्याला परत निघाले. तेच पावसाळी आभाळ, तोच खंबाटकी. चढ सुरू झाला तसा माझा जीव मुठीत. गाडी मात्र काहीच झालं नाही अशी वर सरकत होती. बाबा नवीन डोळ्याने सगळं बघत होते. डोंगर, धबधबे, ट्रकच्या मागचे शेर. मग त्यांची नजर डॅशबोर्डवर आली.

"काटा बरोबर मध्यावर आहे गं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो बाबा. आता मलाही दिसतोय."